चाकावरचा हात

दिवाकर,

काल डेपोशेजारच्या वावरातला कवडूजी तुझ्या घरी आला होता. तू घरी येत नाहीस, अशी तक्रार घेऊन.

मी पुढच्या खोलीत बसलो होतो. सुमनवहिनी कोपऱ्यातल्या दिव्यात तेल घालत होत्या. हार घातलेला तुझा फोटो स्टुलावर होता आणि त्यातही तू कोणाची तरी चूक सापडल्यासारखा बघत होतास. कवडूजीने दारात छत्री मिटली, पाय पुसले आणि उभ्याउभ्याच सुरू केलं.

"वहिनी, भाऊले घरी बलवा न आता. दोन-तीन दिवसांपासून तिथंच उभे हायेत, त्या चाकापाशी. पाऊस पडून राह्यला, पण थे हालत नाईत. मी बांधावरून आवाज देल्ला तं बोललेबी नाईत. काऊन रागावले मायावर?"

घरातले पाहुणे त्याच्याकडे वळले. वहिनींच्या हातातली तेलाची वाटी तशीच राहिली. मग त्या हळूच म्हणाल्या, "कवडूजी, मागच्या सोमवारीच गेले थे. सेवाग्रामच्या दवाखान्यात."

कवडूजीने फोटोच्या दिशेने मान वळवली. तो घाबरला नाही, रडलाही नाही. खाली बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि एवढंच विचारलं, "मंग तिथं कोण हाये?"

शेजारणीने चहा आणला, तो त्याने घेतला. निघताना मला दारापाशी बोलावून म्हणाला, "मधुकरराव, तुमी जाऊन पाहा. मी आता एकटा तिकडं जात नाई."

तो गेल्यावर मी वहिनींना समजावलं, की त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, वावरातून बघताना त्याला बाभळीचं झुडूप माणसासारखं दिसलं असेल. वहिनी म्हणाल्या, "बाभूळ हाये काय तिथं?" तिथे बाभूळ नाही. मुळं भिंतीला भेगा पाडतात म्हणून तूच ती उपटून काढली होतीस, डेपो बंद पडल्यावरसुद्धा.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, हे तुला माहीत आहे. पण तुझ्यावर ठेवतो, आणि पंचाईत तिथेच आहे. आज दुपारी मी तिकडे जाणार आहे. त्याआधी जे बोलायचं राहिलं ते लिहून काढतो. समोर असतास तर तू मला वाक्य पुरं करू दिलं नसतंस.

आपली मैत्री म्हणजे शिफ्ट बदलतानाची मैत्री. नव्वदच्या दशकातला, रेल्वेलाईनच्या कडेचा आपला तो तेलाचा डेपो. वॅगनमधून डिझेल आणि रॉकेल यायचं, टाक्यांमध्ये साठायचं, टँकरमधून जिल्हाभर जायचं. तुझी शिफ्ट संपली की माझी सुरू व्हायची. आपण रोज भेटलो, पण नेहमी एक जण थकलेला आणि दुसरा आंघोळ करून आलेला. दोघेही ताजेतवाने असे आपण क्वचितच भेटलो, म्हणून तर एवढं भांडलो.

नियमांचं पुस्तक सगळ्यांनाच मिळालं होतं. आम्ही ते कपाटावर ठेवलं. तू ते वाचलंस, आणि नंतर आमचं जगणं मुश्कील केलंस. टाक्यांभोवती छातीएवढी भिंत असायची, तिला डेपोत डाईक म्हणायचे. सगळ्यात मोठी टाकी फुटली तरी तिच्यातलं सगळं तेल त्या भिंतीच्या आत मावलं पाहिजे, असा नियम. आता भिंत म्हटली की आत पावसाचं पाणी साचणार. ते काढायला भिंतीच्या तळाशी एकच पाईप, आणि भिंतीच्या बाहेर त्याचा व्हॉल्व्ह, लोखंडी चाकाचा. चाक कायम बंद. उघडायचं ते आतलं पाणी तपासूनच, आणि उघडं आहे तोवर माणसाने जागचं हलायचं नाही. कारण ते पाणी पुढे नाल्यात जायचं, नाला कवडूजीच्या विहिरीला लागून खालच्या गावाकडे, आणि तिथून धाम नदीत, पवनारकडे.

मी एकदा म्हटलं होतं, एवढे नियम बसून लिहितो तरी कोण. तू थाळीतून मान वर न करता म्हणालास, "बसून नाई लिहिले बावा. हर ओळीखाली कोन्या तरी गावची विहीर हाये." मी हसलो. पण नंतर कधी ते पुस्तक उघडावं लागलं की मी विहिरीत वाकून बघतोय असं वाटायचं.

ती थाळीसुद्धा वहिनींच्या स्वयंपाकघरातली. पांढरी एनॅमलची, काठाला निळी रेघ. पाऊस पडून गेला की तू भिंतीवर चढून डाईकमधलं पाणी तिच्यात घ्यायचास आणि ऊन पडेल अशी तिरपी धरून बघत बसायचास. पाण्यावर जरासा रंग दिसला, जांभळा, हिरवा, मोरपिसाचा असतो तसा, की व्हॉल्व्ह उघडायचा नाही. आधी वरचं तेल काढायचं, मग खालचं पाणी सोडायचं. पुढेपुढे तुला सवयच लागली. हॉटेलात चहा आला तरी तू कप खिडकीकडे तिरपा करायचास. रोहण्याला, माझ्या गावी, घरच्या लग्नाला आलास तेव्हा आमच्या विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन असा बघत बसलास, की आमच्या काकांनी मला बाजूला नेऊन विचारलं, हे पाहुणे वैद्य आहेत का.

आणि ते लोड. तेल शोषून घेणारं साहित्य ठेवा, असं पुस्तकात होतं, पण वरून काही येईना. तू जिनिंगच्या कारखान्यातून टाकाऊ कापूस आणलास, सरकीचे तुकडे अडकलेला, कच्चा. कच्चा कापूस पाणी धरत नाही आणि तेल सोडत नाही, हे तू कुठेतरी वाचलं होतंस. गादीवाल्याकडून त्याचे माणसाच्या लांबीचे लोड शिवून घेतलेस. गादीवाला म्हणाला, एवढे पाहुणे कुठून येऊन राह्यले. मी सगळ्या डेपोत सांगत फिरलो, की दिवाकर नाल्याला गादी-तक्के घालून झोपवणार आहे. तू रागावला नाहीस. ते लोड भिंतीकडेला ओळीने रचलेस आणि वरून ताडपत्री घातलीस. संध्याकाळच्या उजेडात ताडपत्रीखाली माणसं झोपल्यासारखी वाटायची. मी एकटा असलो की तिकडून जायचं टाळायचो, हे तुला कधी सांगितलं नाही.

पण आपल्या दोघांची खरी गोष्ट पुस्तकात नव्हती. व्हॉल्व्ह उघडा असताना माणूस उभा पाहिजे एवढंच तिथे होतं. माणूस बदलताना काय करायचं ते नव्हतं. ते आपण ठरवलं, म्हणजे तू ठरवलंस. तू हात चाकावरून न काढताच मला हाक मारायचास. "मधू, हात लाव पयले." मी लावायचो. "सोडतो," तू म्हणायचास. "धरला," मी म्हणायचो. मगच तुझा हात निघायचा. आणि तो निघाला की चाकाला कळायचं. दोघांचा जोर असतो तोवर चाक गच्च असतं, एकाने हात काढला की ते अगदी केसभर सैल होतं. तुझा निरोप मी तोच समजायचो, कारण तोंडाने तू कधी "येतो" म्हणाला नाहीस.

मग तो पावसाचा आठवडा आला. एवढा पाऊस आपण त्याआधी पाहिला नव्हता. तीन नंबरची टाकी सफाईसाठी रिकामी केलेली. डाईकमध्ये पाणी चढत चाललं होतं. तू थाळी भरलीस, आणि त्यात रंग होता. पंपाच्या बाजूने कुठेतरी तेल पाझरत होतं. तेल आणि पाणी वेगळं करायचा हौद तर आधीच पुराच्या पाण्याखाली गेलेला. तू चाकावर हात ठेवून उभा राहिलास, बंद चाकावर.

डेपोचे साहेब छत्री घेऊन आले. "उघडा, दिवाकर," ते म्हणाले. "एवढ्या पुरात एवढासा रंग कोणाला दिसणार आहे?"

"दिसत नाई साहेब," तू म्हणालास. "म्हणूनच तं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी शिफ्ट सुरू झाली होती. आणि खरं सांगायचं तर मी साहेबांच्या बाजूने होतो. मी म्हटलं, "टाकी रिकामी हाये, दिवाकर. पाणी आणखी हातभर चढलं तं तरंगून उचलते थे. पाईप तुटतीन. मंग काय करशीन?"

"मंग जे सांडन थे भिंतीच्या आत सांडन."

"दे मले चाक. माही शिफ्ट हाये."

तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं तू फक्त त्या थाळीत बघायचास. "तू उघडशीन," म्हणालास.

"हो. उघडीन."

"मंग नाई देत."

मी तिथून निघालो. टाकीला वजन यावं म्हणून आग विझवायच्या पाण्याच्या लाईनीचा पाईप ओढून मी तिच्यात पाणी भरायला लागलो. पण उशीर झाला होता.

दुपार होती. पाऊस थांबला होता, वाराही पडला होता, आणि टाकी गुणगुणायला लागली. तोंड मिटून कोणी आतल्या आत सूर धरावा तशी. आम्ही सगळे होतो तिथे थांबलो. पहारेकऱ्याने पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, का ते त्यालाच ठाऊक. मग ती उचलली. डबक्यात बसलेली म्हैस उठते तशी, सावकाश, कोणाकडे न बघता. एवढं मोठं लोखंड, आणि जमिनीला त्याचा काही भार नाही. ती जागच्या जागी थोडीशी वळली. शेजारच्या टाकीकडे जाणारा खालचा पाईप जोडावर तुटला आणि त्या टाकीतलं डिझेल पाण्यात यायला लागलं. आधी रंग पसरले, सगळा डाईक मोरपिसांनी भरून गेला. मग रंगही नाहीसे झाले आणि पाणी जाड दिसायला लागलं. त्या वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी मला थंडी वाजत होती.

मी पळत जाऊन शेजारच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. परत आलो तर तू तसाच उभा. टाकीकडे तुझी पाठ, तोंड नाल्याकडे. मागे एवढं होत असताना तू एकदाही वळून पाहिलं नाहीस. भिंतीआडचं डिझेल तुझ्या पाठीपासून हातभर लांब होतं आणि तू स्वच्छ नाल्याकडे बघत होतास.

टाकी पाण्याने भरली आणि खाली बसली, पण होती तशी बसली नाही. तिच्यावरचा तीनचा आकडा आधी गेटाकडे तोंड करून असायचा, तो आता खालच्या गावाकडे बघायला लागला. पुढे कितीतरी वर्षं गेटातून आत येताना माझी नजर आधी त्या आकड्यावर जायची. पाठ फिरवून उभ्या असलेल्या माणसासारखा तो दिसायचा, तुझ्यासारखा. मी कामगारांना सांगायचो, बघू नका तिकडे. त्यांना वाटायचं मी गंमत करतोय.

नाल्यात थेंब गेला नाही. तुझे ते कापसाचे लोड आम्ही डाईकमध्ये सोडले, तेल पिऊन ते काळे झाले, पिळून ड्रम भरले, पुन्हा सोडले. आठवडाभर तेच काम चाललं. कवडूजी त्या दिवशीही आपल्या विहिरीचं पाणी प्यायला आणि त्याला काही कळलंसुद्धा नाही. चाक मात्र तू कोणालाच दिलं नाहीस. दिवस मावळताना त्याला साखळी घातलीस, कुलूप लावलंस, किल्ली खिशात टाकलीस आणि माझ्या समोरून निघून गेलास. आपली ओळख झाल्यापासून पहिल्यांदा तू मला "सोडतो" न म्हणता घरी गेलास.

मला ते लागलं, दिवाकर. आजही लागतं. त्यानंतर आपण सगळ्यांसमोर टाकीवरून भांडायचो. मी म्हणायचो, तू उघडलं असतंस तर टाकी उचललीच नसती, डिझेल सांडलंच नसतं. तू म्हणायचास, आणि उघडल्यावर सांडलं असतं तं? दोघांचंही खरं होतं, म्हणून ते भांडण मिटलं नाही. पण मी टाकीवरून भांडतच नव्हतो. तू मला चाक दिलं नाहीस, भांडण त्याचं होतं. ते मी कधी उघड बोललो नाही, आणि तू तुझ्या स्वभावाप्रमाणे न बोललेलं ऐकलं नाहीस.

मग डेपो बंद झाला. मोठा नवा डेपो दुसरीकडे झाला, आपल्यातले काही तिकडे गेले, आपण दोघे निवृत्तीला आलो होतो ते घरी बसलो. टाक्या कापून भंगारात गेल्या. तीन नंबरची सगळ्यात शेवटी कापली. कापणारा शिडीवरून उतरला आणि म्हणाला, आत कोणीतरी गुणगुणते. मी त्याला सांगितलं, पत्रा तापला की वाजतो. खरंच वाजतो. तरी त्या दिवशी मी त्याचं काम संपेपर्यंत थांबलो नाही.

ती जागा साफ झाली असं कागदावर आलं. जमीन मात्र कागद वाचत नाही. इतक्या वर्षांचं मुरलेलं तेल दर पावसाळ्यात पाण्याबरोबर वर येतं, आणि भिंत उभी आहे म्हणून पाणी साचतं. ना टाकी, ना पहारेकरी, नुसता भिंतीचा चौकोन आणि आत मोरपिसं. तू सायकल काढून तिकडे जायला लागलास. थाळी घेऊन, ते जुने काळे लोड टाकून वरचं तेल काढायचं, खालचं पाणी सोडायचं, तोवर चाकावर हात ठेवून उभं राहायचं. वहिनी शेजारच्यांना सांगायच्या, "पाणी पाह्याले गेले." मी तुला वेड्यात काढलं. म्हटलं, डेपो बंद झाला दिवाकर, आता नियम कोणासाठी?

"डेपो बंद झाला," तू म्हणालास. "नाला बंद झाला काय?"

मी तुझ्याबरोबर एकदाही आलो नाही. तू बोलावलंही नाहीस. बोलावलं असतंस तर आलो असतो का, हे तुझ्या फोटोला मी काल विचारलं. फोटोने नेहमीसारखाच चेहरा ठेवला.

आता दवाखान्याचं. तिथल्या सिस्टरने वहिनींना सांगितलं होतं, की अशा अवस्थेत माणसं हवेत हात हलवतात, त्याचा काही अर्थ नसतो. तुझा उजवा हात पलंगाच्या दांडीवर होता. तो दांडी पकडायचा, ताणायचा, तसाच थांबायचा. वहिनी चादर नीट करायच्या आणि हात आत घ्यायच्या, तो पुन्हा बाहेर यायचा. मला बघताक्षणी कळलं. तू काही उघडत नव्हतास, बंद करत नव्हतास. नुसता धरून उभा होतास, पलंगावर पडल्यापडल्या.

त्या दुपारी वहिनी औषध आणायला खाली गेल्या आणि तू डोळे उघडलेस. मला ओळखलंस. आवाज कापसातून यावा तसा आला. "मधू, हात लाव."

मी लावला. दांडी गार होती, तुझा हात त्याहून गार.

"सोडतो," तू म्हणालास.

मी म्हटलं, "काही सोडू नको. पडून राह्य. वहिनी येऊन राह्यल्या."

तू वाट पाहिलीस. मग पुन्हा म्हणालास, "सोडतो मी." मला काय म्हणायचं ते माहीत होतं. एकच शब्द होता. पण तो म्हटला की तू जाणार, हेही मला माहीत होतं, आणि त्याच्याही आत, दिवाकर, त्या दिवशीचा राग होता. तेव्हा दिलं नाहीस, आता कशाला देतोस. मी तुझी चादर सारखी केली आणि इकडचं तिकडचं बोलत बसलो. तू तिसऱ्यांदा म्हणाला नाहीस. वहिनी येईपर्यंत सगळं झालं होतं, फक्त हात दांडीवर तसाच होता. सिस्टरला एकेक बोट सोडवावं लागलं.

एवढं सकाळी लिहिलं. आता जाऊन येतो.

आलो. कपडे ओले आहेत, पण आधी हे लिहून टाकतो.

कवडूजी त्याच्या बांधापर्यंत माझ्याबरोबर आला. पुढे येईना. "मी इथून पाह्यतो," म्हणाला. पाऊस भुरभुरत होता. मी स्कूटर तिथेच लावली आणि कुंपणाच्या तुटक्या तारेतून आत गेलो. गवत कंबरेएवढं वाढलंय, पण गेटापासून भिंतीपर्यंत तुझ्या सायकलीची वाट मोकळी आहे. भिंतीवरून आत डोकावलो. डाईक अर्धा भरलाय, आणि तुझे ते काळे लोड पाण्यात एकमेकांना लागून ओळीने पडलेत. वारा नव्हता. तरी त्यातला एक हळूच वळला आणि पुन्हा स्थिर झाला. पाण्यात फुगलेल्या वस्तू वळतात, असं मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. माझाच आवाज मला आवडला नाही.

चाकापाशी कोणी नव्हतं. सगळं चाक गंजलंय, एक हात मावेल एवढी जागा सोडून. तेवढं लोखंड चकचकीत आहे, देवळातल्या घंटेच्या लोलकासारखं. वर भिंतीच्या खाचेत तुझी थाळी उपडी ठेवलेली.

मागून कवडूजीने हाक दिली, "दिसले काय भाऊ?"

"कोणी नाई इथं," मी ओरडून सांगितलं.

त्याने बांधावरूनच मान लांब केली. मग तिकडून, काही विशेष नसल्यासारखा म्हणाला, "तुमच्या बाजूलेच तं हायेत."

मी वळून पाहिलं नाही. तू त्या दिवशी टाकीकडे पाहिलं नाहीस, तसंच. मी चाकावर हात ठेवला, त्या चकचकीत जागेच्या शेजारी, माझी जागा असायची तिथे. चाक गच्च होतं. इतकं गच्च, की माझ्या हाताला ते ओळखीचं वाटलं.

मी नाल्याकडे तोंड करून बोललो. म्हटलं, मी त्या दिवशी उघडलं असतं, दिवाकर. आजही तेच म्हणेन, टाकी उचलली नसती. तू मला दिलं नाहीस ते मी विसरलो नाही. पण हे माहीत असूनही तू दवाखान्यात मलाच हात लावायला सांगितलंस. दुसरं कोणी नव्हतं म्हणून असेल. नसेलही. ते आता तू सांगणार नाहीस आणि मीही विचारत नाही. पाऊस पडत होता. उत्तर आलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. तुझी सवयच होती ती.

मग मी म्हटलं, "धरला."

चाक सैल झालं. केसभर.

मी किती वेळ तसा उभा होतो ते सांगता येत नाही. रडू येत होतं, हे मात्र सांगतो, कारण तू पाहिलंच असशील. मागे कवडूजी म्हणाला, "आता एकच दिसते." आणि बैल सोडायला निघून गेला.

थाळी खाचेतून काढली, पुसली, आतलं पाणी घेतलं आणि उजेडाकडे तिरपी धरली. रंग होता. उघडलं नाही. उद्या लोड पिळून पुन्हा टाकतो आणि परवा परत बघतो.

वहिनी दिवा लावून बसल्या आहेत. तू आता घरी जा.